डावीकडचं शून्य

देवरे साहेबांच्या एकसष्टीनिमित्त गौरव अंक निघतो आहे, तुम्ही त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलीत, तेव्हा चार चांगले शब्द लिहून पाठवा, असं पत्र मला आलं आहे. मी दोन दिवस विचार केला. चार सापडले नाहीत. एक सापडला, अक्षर. साहेबांचं अक्षर फार सुंदर होतं. बाकी जे आठवतं ते त्या अंकात कोणी छापणार नाही, म्हणून ते इथे लिहून मोकळा होतो.

पांझरा नदीची एक खोड आहे. वर साक्रीच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि खाली लख्ख ऊन पडलेलं असताना पूर येतो. म्हणून आमच्या खात्याने वरच्या अंगाला सोनबर्डीला एक केंद्र ठेवलं होतं. केंद्र म्हणजे नदीकाठची एक खोली, पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी, बोलण्याचा एक वायरलेस संच आणि नाना बैसाणे. नाना सैन्यात सिग्नलमध्ये होते. तिथून आल्यावर चौदा वर्षं आमच्याकडे रोजंदारीवर. दर तासाला पट्टी वाचायची, बटण दाबायचं, आकडा सांगायचा. धुळ्याच्या कार्यालयात आम्ही तो लिहून घ्यायचो आणि पाणी चढलं की खालच्या गावांना फोन करायचो. एवढी सगळी व्यवस्था, आणि ती बिनबोभाट चालायची.

ती मोडायला देवरे साहेब आले, अठ्ठ्याऐंशी साली. राहायला जळगावला, नोकरी धुळ्याला, रोजची एसटी. सफारी, खिशाला पेनासारखा लावलेला टेस्टर, बगलेत खाकी कागदाचं कव्हर घातलेलं परदेशी पुस्तक. त्या पुस्तकाला कोणी हात लावायचा नाही. टेस्टरला खुद्द साहेबही लावत नसत. नऊ वर्षांत मी त्यांना एकदाही एक वायर जोडताना पाहिलं नाही. ते खुर्चीत बसून सांगायचे, मी कथलाचा टाका मारायचा, आणि टाका चुकला की माझा, बसला की त्यांचा.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत, गावाच्या नावाने मारत. मी पाचोऱ्याचा, म्हणून मी "ए पाचोरा". टंकलेखक "ए सावदा". नाना अर्थात "सोनबर्डी". अशी हाक मारली की माणसाच्या पायाला त्याच्या गावचा चिखल अजून लागलेला आहे, असं समोरच्यालाही वाटू लागतं. त्यांचं स्वतःचं गाव कुठलं, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. बोलणं इतकं धुतलेलं, इस्त्री केलेलं, की आम्ही समजून चाललो, असतील पुण्याकडचे.

मग एकदा दुपारी कार्यालयाच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. "मना बापू आठेच शे ना?" तिने मला आमच्याकडच्या बोलीत विचारलं, माझा बापू इथेच आहे ना. नरडाण्याकडच्या एका खेड्यातून ती एकटी आली होती. कोण बापू ते कळेपर्यंत साहेब केबिनबाहेर आले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आपण बाहेर बसा. मी कामात आहे."

आईला "आपण". म्हातारी बाहेरच्या बाकावर दोन तास बसली. तिने आणलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी शेवटी शिपायाने आणि मी खाल्ल्या. "गावाकडच्या ओळखीच्या बाई आहेत," असं साहेबांनी आम्हाला सांगितलं. नाक आणि हनुवटी दोघांची साच्यातून काढल्यासारखी एक, आणि हा गृहस्थ आम्हाला ओळखीच्या बाई सांगतो! त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात बापूच म्हणत आलो.

साहेबांचं मोठं काम म्हणजे सोनबर्डीचं यंत्र. नदीला जोडून खणलेल्या विहिरीतल्या तरंगत्या गोळ्यावरून पाण्याची उंची मोजायची, ती एका छोट्या संगणकाला द्यायची. हा संगणक म्हणजे एकच उघडी पाटी, तिच्यावर चिपा बसवलेल्या. सगळे सिंगल बोर्ड म्हणायचे, नाना पाटीच म्हणायचे. पाटीने तो आकडा एकामागून एक अक्षर अशा रीतीने वायरीतून रेडिओच्या डब्याला द्यायचा, डब्याने तो हवेतून धुळ्याला पाठवायचा आणि आमच्या पडद्यावर उमटायचा. मग नाना नकोत. फाइलवर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, सुंदर अक्षरात: यंत्र कार्यान्वित होताच रोजंदारी कर्मचाऱ्याची आवश्यकता राहणार नाही.

यंत्र बसलं आणि पडद्यावर कचरा यायला लागला. पाटीने पाठवायचे चार आकडे, धुळ्याला पोचायचा शेवटचा एक, कधी तोही नाही. साहेबांचं एक वचन होतं, "दोष वायरीत नसला तर माणसात असतो. यंत्रात कधीच नसतो." त्या वचनाला जागून त्यांनी मला चार महिने वायरी बदलायला लावल्या. दोन नंबरची वायर तीनला, तीनची दोनला. मग परत. मग जाड वायर. मग जमिनीत तांब्याची पट्टी पुरली. मग अँटेना हलवली. मग जळगावहून नवीन जोडण्या आणल्या, त्याही तशाच. प्रत्येक वेळी साहेब पुलावर छत्रीखाली उभे राहून खाकी पुस्तकातलं एक पान वाचायचे. सोबतीला थर्मास. सोनबर्डीला ते नानांच्या माठातलं पाणी प्यायचे नाहीत, "पोटाला मानवत नाही." पाणी त्याच नदीचं, जे धुळ्याला नळाने यायचं. का मानवत नाही ते नानांना ठाऊक होतं, मलाही होतं.

रोग काय, ते नानांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी रेडिओच्या डब्याच्या बटणाच्या वायरीशी झटत होतो, ते विडी ओढत बघत होते. म्हणाले, "भो, हाई डबं बटन दाबं का लगेच जागं व्हत नही. त्याले खाकराले येळ लागस. पहिलं बोलनं गिळी टाकस."

आणि मला एकदम नानांची बोलायची पद्धत आठवली. नाना कधीच थेट आकडा सांगत नसत. बटण दाबायचं आणि म्हणायचं, "आयक रे भो, आयक." ऐक रे भाऊ, ऐक. मग आकडा. चौदा वर्षं आम्ही धुळ्यात त्यावर हसत होतो. ते लाडाने म्हणणं नव्हतं, हिशेबाने म्हणणं होतं. त्यांच्या संचातही तसलाच डबा होता. पहिलं "आयक" डबा गिळणार, गिळू दे. दुसरं अर्धं गिळेल, गिळू दे. आकडा मात्र अख्खा पोचला पाहिजे.

मी त्याच दिवशी पाटीच्या प्रोग्रॅममध्ये आकड्याच्या आधी चार भरताड अक्षरं घातली. धुळ्याला आकडा जसाच्या तसा आला. मी पळत जाऊन साहेबांना सांगितलं, आणि मूर्खपणा असा की नानांचं नावही सांगितलं.

साहेब हसले. त्यांचं हसू म्हणजे नाकातून निघालेला वारा. "म्हणजे आता मायक्रोप्रोसेसरने सोनबर्डीसारखं 'आयक रे भो' म्हणायचं? ए पाचोरा, यंत्र थेट बोलतं. भरताड माणसं बोलतात." चारही अक्षरं त्यांनी काढायला लावली. शिवाय एक परिपत्रक काढलं, वायरलेसवर निरर्थक शब्द वापरू नयेत, पहिला शब्द आकडाच असावा. नानांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पुढच्या तासाला बटण दाबून म्हणाले, "आयक रे भो, आयक. दोन मीटर वीस."

पुढे साहेबांनी स्वतःचा उपाय शोधला. पाठवण्याचा वेग चौथाईवर आणला. डबा जागा होईपर्यंत पूर्वी तीन-चार अक्षरं वाया जायची, आता सावकाश पाठवल्यामुळे एकच जाऊ लागलं. पाटी पाठवायची शून्य-दोन-दोन-शून्य, म्हणजे दोन मीटर वीस. पडद्यावर यायचं दोनशे वीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "साहेब, पहिला आकडा अजूनही गळतोय."

"कोणता?"

"शून्य."

"डावीकडच्या शून्याला किंमत असते का रे? शाळेत गेला होतास ना?" मग समोर बसलेल्या पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आपल्याकडे अशी पुष्कळ आहेत. डावीकडची शून्यं. आली काय, गळली काय."

पाहुणे हसले. हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की पुढे ते येताजाता वापरायचे. नानांचा विषय निघाला की हमखास.

मी गप्प बसलो, हे लिहायलाच हवं. पाणी दहा मीटरच्या वर गेलं की डावीकडे शून्य राहणार नाही, तिथे एक येईल आणि तोच एक गळेल, हे पहिलीतल्या पोराला कळलं असतं. मलाही कळत होतं. पण दहा मीटर पाणी माझ्या हयातीत एकदाच आलं होतं आणि माझी कायम होण्याची फाइल साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांचा मला तिटकारा होताच, त्या दिवसापासून स्वतःचाही थोडा वाटू लागला.

पुढच्या पावसाळ्यात, एका बुधवारी, वरिष्ठांसमोर यंत्राचं प्रात्यक्षिक ठरलं. नानांचा संच आदल्या दिवशी बंद करायचा लेखी हुकूम गेला होता. धुळ्यात कडक ऊन होतं. हार, पेढे, टेबलावर हिरवं कापड. अकराच्या ठोक्याला पडद्यावर आकडा उमटला, सातशे सत्तर. सात मीटर सत्तर. साहेब खुलले. यंत्राला पूर सापडला म्हणून त्यांना कोण आनंद! खाली वडाळखेड्याला बुधवारी नदीच्या कोरड्या पात्रात बाजार भरतो. तिथल्या ग्रामपंचायतीला फोन केला, पाणी येतंय, बाजार वर घ्या. लोकांनी पालं उचलायला सुरुवात केली.

बाराला पडदा म्हणाला, चाळीस.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पाहुण्यांकडे पाहत होते. "ओसरलं," ते म्हणाले. "पाहिलंत? माणूस असता तर घाबरून दिवसभर ओरडत बसला असता." सात मीटर सत्तरचं पाणी तासाभरात गुडघाभर झालं, हे त्यांना खटकलं नाही. आकडा यंत्राचा होता आणि यंत्रात दोष कधीच नसतो. त्यांनी स्वतः फोन फिरवला आणि वडाळखेड्याला कळवलं, पाणी ओसरलं, बाजार भरू द्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या जुन्या संचातून खरखर आली. "…रे भो, आयक. दहा मीटर चाळीस. चढी ऱ्हायनं. दहा चाळीस."

खोलीतल्या प्रत्येकाने ते स्वच्छ ऐकलं. साहेब लालबुंद झाले. "हा संच बंद करायचा हुकूम गेला होता ना?" म्हणत त्यांनी उठून बटण फिरवलं. नऊ वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने चालवलेलं ते एकमेव बटण. मी म्हणालो, "साहेब, एक गळलाय. एक हजार चाळीस आहे ते." ते कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पाचोरा, फाइल वर आहे तुझी." मी खाली बसलो.

नाना मात्र बसले नाहीत. उत्तर आलं नाही, म्हणजे ऐकणाऱ्याने कान काढून ठेवलाय, एवढं त्यांना चौदा वर्षांत कळलं होतं. पुलावर बाराची एसटी उभी होती, वडाळखेड्यावरून जाणारी. नाना चालकाच्या खिडकीशी गेले. चालकाने पुढे चौकशीत सांगितलं तसंच लिहितो: "नाना बोलना, आयक रे भो, आयक. मांगे दहा मीटर पानी शे. थांबा घेऊ नको, हॉर्न वाजाडत जाय." त्याने थांबे घेतले नाहीत. उतारू ओरडले, कंडक्टरने घंटी ओढओढ ओढली. वडाळखेड्याच्या काठाने तो हॉर्न दाबून धरत गेला आणि पात्रातला सगळा बाजार वर पळाला. पाऊण तासाने पाणी आलं. पालं गेली, मिरचीची पोती गेली, दोन बैल गेले. माणूस एकही गेला नाही.

आता चौकशी. चौकशीला कोणीतरी माणूस लागतो, कारण दोष यंत्रात कधीच नसतो. साहेबांनी सुंदर अक्षरात अहवाल लिहिला. सदर कर्मचाऱ्याने हुकूम मोडून संच चालू ठेवला, परिपत्रकाविरुद्ध निरर्थक शब्द वापरल्याने संदेश अस्पष्ट राहिला, आणि खात्याला डावलून अनधिकृत मार्गाने अफवा पसरवली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. होय, माझी. चौकशी अधिकाऱ्याने मला विचारलं होतं, "पहिला आकडा गळतो हे माहीत होतं का?" मी म्हणालो, "साहेबांना विचारा." नानांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तीन महिन्यांत कायम झालो.

नंतर साहेबांनी मला बोलावलं. कोणाकडे न बघता म्हणाले, "आकड्याच्या आधी चार अक्षरं घाल. कोणतीही कचरा अक्षरं. आणि वेग पूर्ववत कर." यंत्र त्या दिवसापासून आजतागायत अचूक चाललं आहे. साहेबांनी त्यावर निबंध लिहिला, "देवरे पूर्वसंकेत पद्धती". परिषदेत वाचला. बढती मिळाली. नानांचं नाव शेवटच्या आभारांतही नव्हतं.

कोणतीही कचरा अक्षरं घाल म्हणाले, ती मी घातली. इंग्रजी ए, वाय, ए, के. दर तासाला सोनबर्डीची पाटी आधी "आयक" म्हणते आणि मग आकडा सांगते. बहुतेक वेळा डबा ती अक्षरं गिळून टाकतो, त्यासाठीच ती आहेत. माझं सगळं धाडस एवढंच, कोणाला ऐकू न जाणारं. मी सोनबर्डीला जाऊन नानांना हे सांगितलं तेव्हा ते पिठाच्या गिरणीवर बसले होते, भुवयांपर्यंत पीठ. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "एकच डाव? मी तं दोन डाव सांगे." मग गिरणीत पुढचं दळण ओतलं. माझ्या सहीचा विषय त्यांनी काढला नाही. गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी ते वारले.

साहेबांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतरच्या सत्यनारायणाला, जळगावच्या त्यांच्या घरी. दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं, सगळी खात्यातली, चौकशी अधिकारीसुद्धा. भिंतीवर काचेच्या चौकटीत यंत्राचा एक जुना छापील कागद लावलेला. नवीन बॅटरी घातली त्या दिवशी डबा चटकन जागा झाला असावा, कारण त्यावर चारही अक्षरं शाबूत उमटली होती आणि पुढे आकडा. साहेब पाहुण्यांना समजावत होते, "हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जगभर संदेशाची सुरुवात याच चार अक्षरांनी होते." कोणीतरी विचारलं, "पण याचा उच्चार काय हो?" साहेब अडखळले. मग ऐटीत माझ्याकडे हात केला, "हा सांगेल. टाके यानेच मारलेत. सांग रे पाचोरा."

मी चौकटीजवळ गेलो आणि मोठ्याने वाचलं, "आयक."

स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून तीच म्हातारी बसली होती. दोन्ही डोळे अधू झालेले. तिने मान वर केली. "आयकस ना भो," ती म्हणाली. "बोल."

दिवाणखान्यातली माणसं म्हातारीकडे वळली. धुळ्याकडच्या लोकांच्या तोंडावर हळूहळू ओळख उमटू लागली. साहेब चौकटीकडे बघत राहिले. नऊ वर्षं खाकी पुस्तक उलटणाऱ्या त्या माणसाला आपल्या आईच्या तोंडचा शब्द स्वतःच्या भिंतीवर आज पहिल्यांदा वाचता आला.

"कोन शे रे बापू?" म्हातारीने पुन्हा विचारलं. "कोन आयक म्हनी ऱ्हायनं?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले. "आपण बसा."

तेव्हा माझा आवाज फुटला. जो त्या बुधवारी फुटायला हवा होता आणि चौकशीतही फुटला नाही, तो. चौकशी अधिकाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "सोनबर्डीना नाना बैसाणे शेतस, माय."